म्हसोबापासून हातभर बाजूला

ये गं, जवळ सरकून बस. तू राहात्याला आणि मी केडगावला, पण लिहिताना मी तुला गुडघ्याला गुडघा लावून इथं बसवलंय. आणि आधी दोन शब्द बोलणार आहे, ते निमूट ऐकून घे. मोजणीच्या खात्यात लागलीस, खांद्यावर नवं यंत्र घेऊन तालुकाभर फिरतेस, कामासाठी नगरला कितींदा येऊन जातेस, आणि तिथून केडगाव काय लांब आहे का. माझ्या सख्ख्या बहिणीची नात तू, आणि तुझी खुशाली मला तुझ्या आईच्या फोनवरून कळते. हे काही बरं नाही.

दुसरं असं. गेल्या खेपेला आलीस तेव्हा चहा पिता पिता म्हणालीस, "आजी, आता झेंडी धरायला माणूस लागतच नाही. यंत्र वरच्या वर उपग्रहाला विचारतं आणि जागा सांगतं. तू एवढी वर्षं नुसती झेंडी धरून उभी राहिलीस?" वाईट मनानं नाही म्हणालीस, ठाऊक आहे मला. मीही हसले. पण तू गेल्यावर कप विसळत होते, तर ते 'नुसती' माझ्या मागंमागं फिरत राहिलं. ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत. म्हणून ही वही काढली.

तुला माहीतच आहे, आमचे हे मोजणीच्या ऑफिसात साखळी ओढायचे. ते गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. सातवी शिकलेली बाई, पदराला दोन लेकरं. ऑफिसातले म्हणाले, बाईमाणूस रानोमाळ कुठं फिरणार, टपाल द्या फिरवायला. मी म्हणाले, साखळीच ओढते. का म्हणाले ते मलाही नीट सांगता यायचं नाही. तेहेतीस फुटांची ती लोखंडी साखळी, दोन टोकांना दोन पितळी मुठी. त्यातली एक मूठ ह्यांच्या हातानं झिजून अगदी मऊ झालेली. पहिल्या दिवशी ती माझ्या हातात आली आणि साखळी ताणली गेली, तेव्हा मला वाटलं, पलीकडच्या टोकाला हेच आहेत. पलीकडं आपला माझ्या जोडीचा साखळीवाला होता, तंबाखू चघळत. पण साखळी ताणली की मला वर्षानुवर्षं तसंच वाटत राहिलं. कुणाला बोलले नाही कधी. तुलाच पहिल्यांदा सांगते आहे.

एक साखळी लांब, एक साखळी रुंद, म्हणजे एक गुंठा. हे मला कुणी शिकवलं नाही. ओढता ओढता पायांना कळलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे सोडायचे तेव्हा मी मोजणीच्या टेबलावरच्या, म्हणजे रानात तीन पायांवर उभ्या केलेल्या फळीवरच्या, नकाशाकडं बघत बसायची. ओढा कुठं, बांध कुठं, कोणत्या रेघेवर आपण सकाळी चाललो. हळूहळू असं झालं की डोळे मिटले तरी कागदावरची रेघ उठून ढेकळांत जाऊन पडायची. कधी ढेकळांतला बांध उठून कागदावर येऊन निजायचा.

आणि झेंडी. झेंडी म्हणजे काय असतं, तुला यंत्रवालीला सांगते. माणसाच्या डोक्याच्या वर जाईल एवढी काठी, खाली लोखंडी टोक, वर लाल-पांढरं फडकं. ती खुणेच्या दगडावर सरळ धरून उभं राहायचं. मोजणीदार साहेब लांबच्या दगडापाशी उभे राहून बघणार. त्यांनी उजवा हात काढला की त्या बाजूला सरकायचं, डावा काढला की इकडं, दोन्ही हात डोक्यावरून खाली आणले की तिथंच पक्कं. मध्ये बोलणं नाही. तासन्तास. चैत्र-वैशाखात रानं मोकळी असतात तेव्हाच मोजण्या जास्त, आणि त्या उन्हात लांबचा माणूस माणूस राहत नाही. आधी त्याचे पाय विरघळतात. मग तो पाण्यात उभा असल्यासारखा हलतो. मग नुसताच एक काळा ठिपका, आणि त्या ठिपक्यानं हात केला की आपण सरकायचं.

आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, घाटाच्या अंगाला गेलो की उलटं. तिथं भातखाचरांवर धुकं असं यायचं की माझी मलाच झेंडी दिसायची नाही. एकदा मी ढगात उभी, आणि साहेबांचा आवाज कुठून येतोय ते कळेना. "मावशी, आहात ना?" मी म्हणायची, "आहे." थोड्या वेळानं परत, "आहात ना?" परत मी, "आहे." अर्धा दिवस आम्ही एवढंच बोललो. पण खरं सांगू, तेवढा निवांत अर्धा दिवस मला परत मिळाला नाही. घर नाही, ऑफिस नाही, कुणाची कोण नाही. एक काठी आणि तिच्या टोकाखालचा दगड. तो कुठं जात नाही, म्हणून आपणही कुठं जायचं नाही.

आता जे सांगायचंय ते सांगते. मी निवृत्त व्हायच्या चारेक वर्षं आधीचं. पाथर्डीच्या पुढं, कोरडवाहू भागातलं एक गाव. तिथली निम्मी माणसं दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. ती परत आली की मग गावात लग्नं होतात, भांडणं होतात आणि मोजण्या होतात.

दोन शेजारी खातेदार, चुलत भावांची घरं. एका घरातला भाऊ वारलेला. त्याची बायको आणि दोन मुलं तोडीला जाणारी. दुसऱ्या घरातला चुलत दीर गावातच राहणारा, त्याला रानडुकरांच्या त्रासापायी रानाला तारेचं कुंपण करायचं होतं, म्हणून त्यानं मोजणी मागवलेली. माणूस वाईट नव्हता. मधला बांध दोन्हीकडच्या नांगरांनी खाऊन खाऊन नाहीसा झाला होता, आणि नक्की रेघ कळल्याशिवाय तार कुठून ओढणार.

अडचण एका आंब्याच्या झाडाची होती. तिकडं आता रीत आहे, तू पाहिली असशील. माणूस गेलं की राख नदीला न नेता रानातच खड्डा घेऊन त्यात ठेवतात आणि वर झाड लावतात. ह्या बाईच्या नवऱ्याची राख त्या आंब्याखाली. पोरांनी तीन वर्षांपूर्वी बांधाच्या कडेला म्हणून खड्डा घेतला, पण बांधच राहिला नाही, मग कड कुठली राहणार. मोजणीत झाड दिराकडं निघालं तर ते तारेच्या आत जाणार. मग नवऱ्याला पाणी घालायला हिनं दुसऱ्याच्या फाटकावर हाक मारायची.

आम्ही सकाळी टेबल लावलं तेव्हा दोन्ही घरं हजर. ती बाई झाडापाशी जाऊन बसली. तिची जाऊ, म्हणजे त्या दिराची बायको, आमच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन आली आणि कळशी ठेवता ठेवता मला म्हणाली, "बघा मावशी, सा म्हैने ही जाती कारखान्याच्या गावाला. झाडाला पानी घालायला मी. आन झाड मात्र हिचं."

ती बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "मंग मी काय तांब्या घिऊन रोज तिकडून येऊ का, बाई?"

"ये की. कुनी न्हाई म्हनलंय?"

दोघीही हसल्या नाहीत, पण भांडल्याही नाहीत. जुनीच ओळ असावी ती, दर वर्षी म्हणायची.

काम तसं सोपं होतं. त्या हद्दीच्या दोन्ही टोकांचे जुने दगड जागेवर होते. एक सडकेच्या बाजूला, उघडाबोडका. दुसरा ओढ्याच्या बाजूला, लिंबाखाली. त्या दुसऱ्याला कुणाच्या तरी आज्या-पणज्यांनी केव्हातरी शेंदूर लावला होता, आणि तो म्हसोबा झाला होता. साहेबांनी साखळी टाकून दोन्ही दगड नकाशाशी ताडून पाहिले. बरोबर होते. आता राहिलं एवढंच की सडकेच्या दगडावरून म्हसोबाच्या दगडाकडं बघायचं आणि मध्ये सरळ रेघ मारायची. दहा-अकरा साखळ्यांचं अंतर. झाड म्हसोबापासून एका साखळीवर.

मी झेंडी घेऊन म्हसोबापाशी गेले.

आणि इथं माझी चूक झाली, पोरी. नीट ऐक. झेंडीचं लोखंडी टोक मी देवाच्या डोक्यावर कसं ठेवू? पायातलं काढून लांब ठेवलं, हात जोडले, आणि काठी देवाच्या शेजारी मातीत रोवली. असं मी आधी कधी केलं नव्हतं का? केलं असेल, कुणास ठाऊक. तिकडच्या किती दगडांना शेंदूर आहे. पण देवाचं कारण खरं असलं तरी ते निम्मंच. निम्मं सावलीचं. लिंबाची सावली त्या तोडीवालीच्या अंगाला पडली होती, म्हणून मी त्या अंगाला उभी राहिले. हातभर बाजूला.

मग ऊन चढलं. साहेब सडकेपाशी उभे, विरघळायला लागलेले. मधोमध माझ्या जोडीचा साखळीवाला दुसरी झेंडी घेऊन एकेक साखळी पुढं येतोय, साहेब त्याला हातानं सरकवतायत, तो पक्का झाला की फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची, पांढरी चिमूट सोडतोय. माझ्या पाठीमागं ओढ्यात कोरडी वाळू, तिच्यावर एक होला घुमत होता. मी कुठं गेले होते कोण जाणे. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांनी मला ऑफिसच्या आवारात नेलं होतं आणि साखळीची मूठ हातात देऊन म्हणाले होते, ओढ बघू. मी ओढली, आणि त्यांनी मुद्दाम सोडून दिली, मी बसकण मारली. ते हसत होते ते मला दिसत होतं, सडकेपाशी, पाण्यात उभे असल्यासारखे. हात केला तर सरकावं, एवढंच मला भान.

आवाज आला तेव्हा भानावर आले. दीर म्हणत होता, "झाड माझ्यात निघालं. हातभर."

फक्की झाडाच्या पलीकडून आली होती. हातभर. झाड चक्क दिराच्या बाजूला. तो काही आनंदानं म्हणाला नाही, नुसतं बघितलं ते म्हणाला. त्या बाईनं आळ्यातली एक काडी उचलली आणि बाहेर टाकली, मग दुसरी उचलली. जणू आता सगळं आळं वेचून झाल्याशिवाय तिला उठायचं नव्हतं.

तो हातभर शब्द माझ्या कानात शिरला आणि मी खाली बघितलं. माझी काठी आणि देव यांच्यामध्ये किती, तर हातभर.

तुला वाटेल, मग सांगून टाकायचं. एवढं सोपं नव्हतं गं. मीही नवरा गेलेली बाई. सकाळपासून ती बाई झाडापाशी बसलेली मला दिसत होती. मला स्वतःचीच खात्री वाटेना. मी खरंच पहिल्यापासून इथं उभी आहे, की उन्हात तंद्री लागून सरकले, की झाड तिचं व्हावं म्हणून मला आता असं दिसतंय? आणि बोलले तर दीर काय म्हणेल, बाईनं बाईचं ओढलं. साहेब नवे, माझ्या भाच्याच्या वयाचे, कामाला चोख पण तापट. दिवसाचं काम पुसायला लावणारी साखळीवाली त्यांना कशी आवडेल? गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. नकाशावर हातभर म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढंही नाही.

मी काठी उपसली. मातीत तिच्या टोकाचं भोक राहिलं, खोल, गोल, कडा वाळलेल्या. एकच भोक. मी सरकले नव्हते. त्या भोकानं मला धीर दिला बघ. त्याच्याशेजारी बसले आणि हाक मारली, "साहेब, इकडं या. माझी झेंडी दगडावर नव्हती."

सगळे आले. साहेबांनी भोकाकडं बघितलं, देवाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मावशी, तुम्ही? तुम्ही सुद्धा?"

"देवाच्या डोक्यावर टोक ठेवायचं जिवावर आलं," मी म्हणाले. "आणि इकडं सावली होती."

सावलीचं सांगायची गरज नव्हती. पण निम्मं कबूल करून काय उपयोग. साहेबांचं तोंड लाल झालं होतं. काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात माझ्या जोडीचा साखळीवाला म्हणाला, "खरं बोलली म्हणून आता मारता का तिला?" तसं त्यांनी टेप काढून भोकापासून दगडाच्या मध्यापर्यंत मापलं. हात आणि वर चार बोटं.

दीर म्हणाला, "मंग आता? देवावर काठी ठिवनार?"

"दगडावर फुली असते," साहेब म्हणाले. "जुन्या लोकांनी छिन्नीनं मारलेली. तिच्यावरच धरावी लागेल. पण शेंदराखाली कुठं आहे ती दिसत नाही."

"शेंदूर खरवडायचा न्हाई," दीर म्हणाला. "आन बायांनी तर हात बी लावायचा न्हाई."

तेव्हा त्याची बायको पुढं झाली. "हितं सडा कोन घालतं? नारळाच्या करवंट्या कोन उचलतं? तवा चालतो व्हय बायांचा हात?" आणि ती घराकडं गेली, वाटीत गोडं तेल घेऊन आली. चप्पल काढून बसली, पदर डोक्यावर घेतला. खरवडलं नाही तिनं. तेल बोटावर घेऊन देवाचं डोकं चोळायला लागली, तान्ह्या लेकराची टाळू भरतात ना, अगदी तसं. शेंदूर मऊ होत गेला. सगळे उभे राहून बघत होतो. बराच वेळ गेला. मग तिचं बोट थांबलं.

"हितं खाच लागती," ती म्हणाली. माझा हात धरून तिनं माझं बोट तिथं टेकवलं. खरंच, तेल-शेंदराच्या थराखाली फुलीची खाच. कुणीतरी केव्हातरी मारलेली, आणि तेव्हापासून गप्प असलेली. "ठिवा मावशी काठी. मी सांगितलंय म्हसोबाला."

मी टोकाला फडक्याची घडी बांधली आणि काठी फुलीवर धरली. आता उन्हात, सावली नव्हती तिथं. साहेब परत सडकेपाशी गेले. परत ते विरघळले, परत ठिपका झाले. मी ह्यांची आठवण काढली नाही यावेळी, नुसती उभी राहिले. आणि ठिपका काही हातच करेना. उजवा नाही, डावा नाही. बऱ्याच वेळानं ते चालत आले, अर्ध्या वाटेपर्यंत, आणि ओरडून म्हणाले, "मावशी, झेंडी दिसत नाही. झाड आडवं येतंय."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. सडकेच्या दगडावरून म्हसोबाच्या फुलीकडं बघावं तर मध्ये बरोबर आंबा. रेघ झाडाच्या ह्या अंगानं नव्हती की त्या अंगानं. मी काठी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलली, तेव्हा शेंड्याच्या पालवीवर साहेबांना फडकं दिसलं म्हणे. फडक्याखाली बुंधा, तंतोतंत.

साहेब म्हणाले, झाड हद्दीवर आहे, दोघांचं. फक्की बुंध्यापर्यंत आली आणि पलीकडून पुन्हा निघाली.

दीर डोकं खाजवत म्हणाला, "मंग तार कुठून वढू? झाडाच्या पोटातून?"

"ते माझ्या नकाशात येत नाही," साहेब म्हणाले. "मी रेघ देतो."

जाऊ म्हणाली, "झाडापाशी तार तोडायची. मानूस जाईल येवढी जागा सोडायची."

"आन डुकरं?"

"डुकरांना सांगते मी, ही वाट तुमची न्हाई म्हनून."

यावेळी ती तोडीवाली हसली. उठली, हातातल्या काड्या टाकल्या, आणि कळशीत उरलेलं पाणी आळ्यात ओतलं. मग जावेला म्हणाली, "आता निम्मं पानी माझ्या वाटचं घाल, निम्मं तुझ्या वाटचं." जाऊ म्हणाली, "तुझ्या वाटचं कोमट घालते." आम्ही टेबल आवरलं.

परतताना केडगावच्या फाट्यावर मला जीपमधून उतरवताना साहेब एवढंच म्हणाले, "मावशी, उद्यापासून शेंदराचा दगड असला की मला आधी सांगायचं." तेव्हापासून मी पिशवीत तेलाची छोटी बाटली ठेवायला लागले. निवृत्त झाले त्या दिवशी ती माझ्या जोडीच्या साखळीवाल्याला दिली.

त्या गावाला मी परत गेले नाही. मोजणीचं काम असंच असतं, रेघ मारायची आणि निघून यायचं. नकाशावर ती रेघ सरळ आहे, मध्ये झाड नाही, तारेतली फट नाही, आणि फुलीवरचा तेलाचा डाग तर नाहीच नाही. पण अजून कधी दुपारी डोळा लागला की मी त्या लिंबापाशी उभी असते. लांबवर ठिपका हात करत नाही. मध्ये आंबा वाढलेला असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन बाया वाकून पाणी घालत असतात. कोण कुणीकडची ते मला तेवढ्या अंतरावरून ओळखू येत नाही.

तुझ्या यंत्राला ते झाड दिसेल का गं? मला खरंच विचारायचंय. टोमणा नाही हा. तू म्हणालीस झेंडी नुसती धरायची असते, आणि खरंच नुसतीच धरायची असते, फक्त कशावर धरली ते आपल्याला माहीत पाहिजे.

एक कर. दिवाळी झाली की ती माणसं तोडीला निघतील, त्याच्या आत एखाद्या रविवारी ये. मी धपाटे करून ठेवते, सकाळच्या एसटीनं पाथर्डीला जाऊ, पुढं जीप मिळते. मला वाट आठवते, ओढ्यापासून पायवाट आहे. तार खरंच तिथं तोडलीय का आणि फटीतून माझ्यासारखी जाड बाई जाते का, एवढंच बघायचं आणि संध्याकाळी परत. एकटीला आता एसटीची पायरी चढवत नाही, कुणाचा तरी हात लागतो. फोन नको करत बसूस, सरळ ये. लवकर ये.